दोन सिटांच्या गाडीला सायकलींचं शेपूट

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप जळगावच्या एमआयडीसीत आहे. ट्रॉल्या, शेड, गेट, केळीच्या क्रेटचे रॅक, येईल ते काम घेतो. ट्रॅक्टरला टोचन, म्हणजे मागचं वाहन ओढायची जोडणी, लावायचं काम तर आठवड्यात एकदोनदा असतंच. म्हणून गाडीच्या मागे लोखंड कसं लटकवायचं हे मला कुणी शिकवू नये, असा माझा बरीच वर्षं तोरा होता. तो भडगावजवळच्या एका गतिरोधकाने उतरवला.

रविवारी सायकली हाणणारी आमची सहा-सात जणांची टोळी आहे. एकदा ठरलं की चाळीसगावपर्यंत सायकली गाडीमागे लावून न्यायच्या आणि तिथून पाटणादेवीच्या रस्त्याला चालवायच्या. मी माझ्या जुन्या छोट्या गाडीच्या डिकीखाली तीन मिलिमीटरची प्लेट वेल्ड केली, तिला चौकोनी पाइप जोडला आणि पाइपात घरीच बनवलेला सायकलचा स्टँड अडकवला. त्यावर स्वतः उभा राहून दोन उड्या मारल्या. हललं नाही. दोन सायकली चढवून निघालो. पाचोऱ्यापर्यंत गाडी मस्त गेली. भडगावच्या अलीकडे गतिरोधकावर आधी 'खट्ट' आणि मग 'कर्रर्र' असा आवाज झाला, आणि आरशातल्या सायकली हळूहळू मागे कलल्या. टपरीवरचा एक जण चहाचा ग्लास तसाच हातात धरून म्हणाला, "भाऊ, तुमनी गाडीनी शेपटी लोंबी ऱ्हायनी."

वाकून पाहिलं. माझं वेल्डिंग शाबूत होतं, त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. पण वेल्डिंगच्या कडेकडेने डिकीचा पत्रा फाटला होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. सायकली टेम्पोत टाकून परत आणल्या आणि गाडीच्या डेंटिंगला जो खर्च आला त्यात एक बरी सायकल आली असती.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो अमेरिकेत असतो आणि तिथे त्याने माझदाची एमएक्स-५ घेतली आहे. तिकडे या गाडीला मियाटा म्हणतात. १९८९ साली आलेली, दोनच सिटांची, कापडी छताची गाडी. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली आणि दोन सिटांच्या स्पोर्ट्स गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. भाचेबुवांना सायकलचाही नाद. एका रात्री व्हिडिओ कॉल आला. "मामा, गाडीला हिच लावून मागे दोन सायकलींचा रॅक बसवायचाय. तुम्ही नुसतं बघा आणि चुकलं की ओरडा." ओरडण्याचं काम मला जमतं. त्या दोन रात्रींत त्याला जे समजावलं आणि त्याच्याकडून जे मला समजलं, ते इथे मांडतो.

आधी शब्द समजून घेऊ. हिच म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला, बंपरखाली, सांगाड्याला बोल्टने कसलेली लोखंडी आडवी पट्टी. तिच्या मध्यावर मागे तोंड करून एक चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. सायकल रॅकचा दांडा या नळीत सरकवायचा आणि आरपार पिन घालायची. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं नातं जसं एका पिनेवर टिकतं, तसंच. फरक एवढा की ट्रॉलीला स्वतःची चाकं असतात. तिचं बहुतेक वजन ती स्वतः वाहते, ट्रॅक्टरने फक्त ओढायचं. सायकल रॅकला चाकं नाहीत. तो सगळाच्या सगळा हवेत, एका टोकाला धरलेला. माझी चूक इथे झाली होती. मी टोचनाचा विचार करून तरफ बांधली.

केळीचा घड उचललेल्या माणसाला हे दोन वाक्यांत कळेल. वीस-बावीस किलोचा घड खांद्यावर घेऊन मजूर बागेतून रस्त्यापर्यंत आरामात येतो. तोच घड हात सरळ पुढे ताणून धरायला सांगा, दहा आकडे मोजून होईपर्यंत खांदा भरून येईल. घडाचं वजन तेवढंच आहे. वाढलंय ते अंतर.

आता हिशोब करू. रॅक वीस किलो, पंधरा-पंधरा किलोच्या दोन सायकली, एकूण पन्नास किलो. या सगळ्याचा मध्य रिसीव्हरपासून साधारण अर्धा मीटर मागे येतो. म्हणजे पन्नास गुणिले अर्धा, किलो गुणिले मीटर या मापात पंचवीस इतकी पिळवटणारी ओढ. हिच ज्या बोल्टांनी गाडीला धरलेली असते, त्यातले वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर असतील, तर वरच्या बोल्टांवर मिळून अडीचशे किलोची ओढ येते. मागे पन्नास किलो लटकवलंय, बोल्टला ते अडीचशे वाटतंय. त्यात खड्डा आला की सायकली आधी वर उडतात आणि मग आदळतात, तेव्हा हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. मी उड्या मारून पाहिलं होतं ते पाइपाच्या बुडाशी उभं राहून, म्हणजे अंतर जवळपास शून्य. त्या परीक्षेला काही अर्थच नव्हता.

पुढचा प्रश्न: हे अडीचशे किलो गाडीच्या कुठल्या हाडाला द्यायचे?

ट्रकला चेसिस असते, दोन लांब चॅनेल, कुठेही भोक पाडून काहीही कसा. आजच्या कारला अशी वेगळी चेसिस नसते. पत्रे घडी घालून, त्यांच्या पेट्या करून, स्पॉट वेल्डिंगने जोडलेला तो एक डबा असतो. त्यातला डिकीचा तळ एक मिलिमीटरहूनही पातळ. ताकद असते ती पेट्यांत. गाडीखाली झोपून पाहिलं तर मागच्या चाकांच्या आतल्या बाजूने दोन पेट्या मागे जाताना दिसतात. त्यांच्या शेवटच्या टोकांवर एक आडवा बीम बोल्टने कसलेला असतो, मागून कुणी धडकलं तर मार खायला. आपण ज्याला बंपर म्हणतो ते त्या बीमवर घातलेलं प्लास्टिकचं झाकण, आत थोडा फोम. बंपरला दोरी बांधून गाडी ओढणाऱ्यांनी ते झाकण हातात आलेलं पाहिलेलं आहे.

स्पोर्ट्स गाडीत तो बीम बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो, कारण तिथे प्रत्येक किलो वाचवायचा असतो. एमएक्स-५ चं सगळं मिळून वजन हजार-अकराशे किलोच्या घरात. अशा गाडीसाठी हिच बनवणारे लोक त्यामुळे एकच जागा धरतात: त्या दोन पेट्यांची टोकं. जिथे बीम कसलाय त्याच बोल्टांवर हिचच्या प्लेटा चढवायच्या, बीम आणि पेटी यांच्या मध्ये किंवा बीमच्या जागी. यातला दुसरा प्रकार, म्हणजे बीम काढून त्याच्या जागी हिच, त्याला मी भाच्याला म्हटलं, नको. बीम आणि पेटीच्या मध्ये एक चुरगळणारा डबा असतो, धडक बसल्यावर आधी तो चुरगळावा आणि पेटी वाचावी म्हणून. तो काढून तिथे जाड लोखंड ठोकलं तर पार्किंगमध्ये मागून बसलेला हलका धक्काही थेट सांगाड्याला लागतो. एक झाकण बदलायचं काम सांगाडा सरळ करायच्या कामावर जातं.

हे करायचं तर बंपरचं झाकण काढावंच लागतं. व्हिडिओवर भाच्याने गाडी स्टँडवर चढवली, मागचे दिवे काढले, चाकांच्या कमानीतले प्लास्टिकचे खिळे सोडवले. "मामा, एक खिळा मोडला." मोडणारच, दोन-तीन मोडतातच, ते आधीच मागवून ठेवायचे असतात. झाकण दोघांनी मिळून काढायचं, एकाने ओढलं की रंगाला ओरखडा पडतो. आणि ओढण्याआधी आत सेन्सरची वायर आहे का ते पाहायचं.

झाकण निघाल्यावर स्क्रीनवर जे दिसलं, ते पाहून मी माझ्या वर्कशॉपातल्या पोरांना बोलावून घेतलं. चकचकीत लाल गाडी, आणि आत एक साधा बीम, दोन बाजूंना मिळून मोजके बोल्ट. सगळी ऐट वरच्या झाकणाची.

आता मापं. अमेरिकेत रिसीव्हर मुख्यतः दोन मापांचे. छोट्या गाड्यांना सव्वा इंच, मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपना दोन इंच. आमच्या भाषेत दहा सुती आणि सोळा सुती, कारण एका इंचात आठ सूत. हे माप नळीच्या आतलं असतं, बाहेरचं नाही. दहा सुतीला पिन चार सुती लागते, सोळा सुतीला पाच सुती. सगळ्यात हलक्या, म्हणजे पहिल्या वर्गातल्या हिचची ओढायची मर्यादा २००० पौंड, साधारण ९०७ किलो, आणि टोकावर वरून पडणाऱ्या वजनाची मर्यादा २०० पौंड, म्हणजे जेमतेम ९० किलो.

इथे हुशार माणसं फसतात. ९० किलोची मर्यादा आहे, मग पंचवीस किलोचा रॅक आणि पंधरा-पंधराच्या चार सायकली मिळून ८५ होतात, बसलं की! बसत नाही. ती मर्यादा ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यासाठी असते आणि तो गोळा नळीच्या तोंडाशी असतो. चार सायकलींचा मध्य पाऊण मीटर मागे जातो. ८५ गुणिले पाऊण म्हणजे ६४, आपल्या दोन सायकलींच्या अडीचपट पिळवटणूक. म्हणून दहा सुती रॅक बहुधा दोन सायकलींवर थांबतात. आणि अंतर कमी पडतंय म्हणून मध्ये लांब करायचा जोडतुकडा घातला, तर हिचवाले वजनाची मर्यादा सरळ निम्मी करायला सांगतात. वजन तेच, अंतर वाढलं. पुन्हा तो घड.

दहा सुतीच्या नळीला सोळा सुतीचा दांडा बसावा म्हणून अडॅप्टर मिळतो. मिळतो म्हणून घ्यायचा नसतो. अडॅप्टरने भोक मोठं होतं, हाड तेच राहतं.

बोल्टांबद्दल थोडं जास्त बोलतो, माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आठ म्हणजे तो तुटायला प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनची ओढ लागते. नंतरचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा ताणला जातो. डोक्यावर काहीच लिहिलेलं नाही असा बोल्ट पत्र्याच्या शेडला ठीक, अशा ठिकाणी नाही. आणि जाडीइतकंच महत्त्व कसण्याला. बोल्ट नीट कसला की दोन प्लेटा एकमेकींवर इतक्या दाबल्या जातात की त्यांच्यातलं घर्षणच बरंचसं काम करतं. ढिला राहिला तर प्रत्येक खड्ड्याला प्लेट सूतभर सरकते, बोल्टला वाकवते, सोडते, पुन्हा वाकवते. लोखंडाची तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवत राहिलं की ती एका झटक्यात कधी तुटत नाही, विसाव्या वेळी तुटते. माझ्या डिकीचा पत्रा असाच गेला. भडगावचा गतिरोधक विसावा होता. पहिले एकोणीस जळगाव ते पाचोऱ्यातच होऊन गेले होते.

त्यामुळे टॉर्क पान्हा, म्हणजे किती जोराने कसलंय ते दाखवणारा पान्हा, हवाच. किती कसायचं हे हिचसोबत आलेल्या कागदावर असतं. साध्या हिशोबाने १० मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट पन्नासेक न्यूटन-मीटरला आणि १२ चा पंच्याऐंशीच्या आसपास जातो, पण कागदावर वेगळं असेल तर कागद खरा. माझ्याकडची पोरं पान्ह्याला पाइप लावून अंगाच्या जोरावर कसतात आणि आटे गेले की माझ्याकडे बघतात. ॲल्युमिनियमचा बीम असेल तर तिथे दुसरी एक गोष्ट: ॲल्युमिनियमला उघडं लोखंड टेकलं आणि त्यात पाणी गेलं की ॲल्युमिनियम आतून पांढरं होऊन खाल्लं जातं. तिकडे बर्फावर मीठ टाकतात, म्हणजे विचारूच नका. मध्ये रंगाचा जाड थर किंवा पातळ रबर हवं, आणि जिथे भोक मोठं करावं लागलं तिथे उघड्या धातूला प्रायमर.

एवढं झाल्यावर झाकण परत बसवायचं. नळीचं तोंड बाहेर यायला खालच्या काळ्या प्लास्टिकला एक खाच पाडावी लागते. भाचा म्हणाला, "मामा, हात थरथरतोय." मी म्हटलं, आधी कागदी टेप लावून त्यावर पेन्सिलने आख, आणि आखलंयस त्याच्या आतच काप. मोठं नंतर करता येतं.

हिच बसली. पण स्पोर्ट्स गाडीच्या अडचणी अजून संपल्या नाहीत.

पहिली, सायलेन्सर. अशा गाड्यांच्या सायलेन्सरची तोंडं रुंद आणि नेमकी तिथेच जिथे सायकलचं चाक येतं. चौकात उभ्या गाडीचा धूर चाकावर सोसाट्याने येत नाही, पण घाट चढताना इंजिन ओढत असतं आणि मागून निघणारी हवा भट्टीसारखी तापते. रबराचा टायर मऊ होतो, आतली ट्यूब फुटते. कार्बनचं रिम असेल तर त्यातला डिंकासारखा राळेचा भाग मऊ पडून रिमच वेडंवाकडं होतं, आणि ते बाहेरून लगेच दिसतही नाही. आपल्या तोरणमाळच्या घाटात हे पुरेपूर होईल असं मी म्हटलं तर भाचा हसला, पण शहाद्याकडून वर चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती वेळ रडते हे त्याला कुठे माहीत. उपाय साधा: जवळची सायकल उलटी लावून चाक त्या तोंडापासून दूर न्यायचं, उंच उठणारा दांडा असलेला रॅक घ्यायचा, आणि पहिल्याच फेरीत दहा-पंधरा मिनिटांनी थांबून टायरला हात लावून पाहायचा. हात टेकवत नसेल तर जागा चुकली.

दुसरी, जमीन. गाडी आधीच बुटकी. रॅक नसताना मागचं चाक टेकतं तिथून गाडीच्या शेवटापर्यंत पाऊणेक मीटर आणि खाली वीस सेंटिमीटर मोकळं असं धरा, म्हणजे पंधरा अंशांचा चढ खरचटल्याशिवाय जमतो. त्यात जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटरवर रॅकचं टोक एक मीटर मागे गेलं की तो कोन आठ अंशांवर येतो. आपल्या गल्लीतल्या गटारीवरच्या फरशीचा उतार याहून जास्त असतो. आपल्याकडचे गतिरोधक तर कुणी कुठल्या मापाने घालतं हा वेगळ्याच लेखाचा विषय.

तिसरी मला सगळ्यात रंजक वाटते. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला आवळतात. म्हणून गाडीवान पोती पुढे सरकवतो. कारचंही तेच. एमएक्स-५ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २३१० मिलिमीटर अंतर आहे. आपले पन्नास किलो मागच्या चाकांच्याही मागे साधारण १.३ मीटरवर. पन्नास गुणिले १.३ भागिले २.३१, म्हणजे पुढच्या चाकांवरचं २८ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर ७८ किलो वाढतं. पन्नास ठेवले, अठ्ठ्याहत्तर पडले. पुढची चाकं पाच-एक टक्क्यांनी हलकी झाली. हा आकडा लहान आहे, पण ही गाडी विकतच घेतली जाते ती पुढे-मागे निम्मं-निम्मं वजन असल्याच्या गुणावर. स्टिअरिंग हलकं लागतं, वळणावर शेपूट उशिरा वळतं आणि उशिरा थांबतं. हेडलाइट वर उचलले जातात आणि समोरचा ट्रकवाला डिपर मारून आपल्याला शिव्या घालतो, त्याचं काही चूक नसतं. दिव्यांची उंची खाली घेण्याचं बटण असेल तर ते वापरा. आणि रॅक लावला की ही गाडी स्पोर्ट्स कार राहिलेली नाही, टेम्पो आहे, हे मनाला सांगून ठेवा.

रुंदीसुद्धा मोजा. गाडी १७३५ मिलिमीटर रुंद आहे. मोठी सायकल पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंत पावणेदोन मीटरच्या वर सहज जाते. सायकल आडवी लावली की ती गाडीएवढी किंवा गाडीहून काकणभर जास्तच रुंद! आरशात दिसत नाही आणि खांबाला मात्र लागते.

रॅक दोन तऱ्हेचे. एकात सायकल आडव्या नळीने दांड्यांवर टांगतात, दुसऱ्यात चाकं पन्हाळीत उभी करून पुढचं चाक हुकाने दाबून धरतात. टांगायचा रॅक हलका आणि स्वस्त, पण सायकली झुलतात, एकमेकींचा रंग काढतात, आणि कार्बनच्या फ्रेमला मध्येच आवळणं म्हणजे अंड्याला पक्कड लावण्यासारखं. मी पन्हाळीवालाच घेईन. तो पाच-सात किलो जड पडतो तेवढा पडू दे. नळी आणि दांडा यांच्यात नेहमी थोडा खेळ राहतो. त्याने नुसती खटखट होत नाही, प्रत्येक खटक्याला वरचा हिशोब दुपटीने लागू होतो. म्हणून नळीत दांडा आवळून धरणारा पाचर-बोल्ट असलेला रॅक घ्या. दांडा तिरपा पडणारा असेल तर डिकी उघडता येते, नाहीतर पाण्याची बाटली काढायला दोन्ही सायकली उतरवा.

आता आपल्याकडचं. हे वाचून कुणी जळगाव-धुळ्यातला तरुण गाडी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला "काका, खालून एक नळी वेल्ड करून द्या", तर मी नाही म्हणेन. दोन जणांना म्हटलंही आहे. एक तर वेल्डिंगच्या आचेने शेजारच्या पातळ, कडक पत्र्याची ताकद जाते; माझ्या डिकीची गोष्ट सांगितलीच. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ बांधणीत मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बारवर, म्हणजे बंपरपुढे लावतात त्या लोखंडी कमानीवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं होतंच. गाडीच्या बाहेर मर्यादेपलीकडे सामान काढलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये आहे. म्हणून आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर पान्हा उचला.

आणि नंबर प्लेट. हिचच्या रॅकवर सायकली उभ्या केल्या की प्लेट आणि मागचे दिवे हमखास झाकतात. युरोपात यासाठी रॅकवरच दिव्यांची पट्टी आणि नंबरची जागा असते, वायर गाडीच्या सॉकेटला जोडतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आहे आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने ठोकलेली असते. ती उचलून रॅकवर लावता येत नाही. कॅमेऱ्याला नंबर दिसला नाही तर चलान येणार, आणि ब्रेकचा दिवा दिसला नाही तर चलानाच्या आधी मागचा ट्रक येईल.

मग करायचं काय? डिकीच्या झाकणाला पट्ट्यांनी आवळायचा रॅक स्वस्त असतो, पण स्पोर्ट्स गाडीच्या डिकीचं झाकण पातळ, त्यावर स्पॉयलर, आणि पट्टीखाली आपल्याकडची धूळ बसली की ती पॉलिश पेपरसारखी रंग घासते. काचेवर आणि पत्र्यावर चिकटणारे व्हॅक्यूमचे रबरी कपही निघालेत. ते खरोखर पक्के धरतात, अट एवढीच की पत्रा स्वच्छ हवा आणि दर थांब्याला पंपाची खूण पाहायला हवी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर पापड भाजेल अशा वेळी मी माझी सायकल रबराच्या भरवशावर सोडणार नाही. कापडी छताच्या गाडीला वरचा रॅक तर विसराच.

सगळ्यात बिनखर्चाचा उपाय भाच्याला मी पहिल्याच रात्री सांगितला होता: सायकलची दोन्ही चाकं काढ, फ्रेमला जुनी चादर गुंडाळ, आणि शेजारच्या सिटावर बसव. छत उघडं ठेवलं की बसते. तो म्हणाला, "मामा, मग बायको कुठे बसेल?" प्रश्न रास्त होता, म्हणून हिच.

बसवून झाल्यावर त्याला एक शेवटचं काम लावलं. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मार. शंभर किलोमीटर चालव, मग खाली झोप आणि रेघा पाहा. बोल्ट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसेल. ट्रॉलीच्या चाकांना आम्ही हेच करतो.

दोन आठवड्यांनी फोटो आला. तीन रेघा जशाच्या तशा. चौथी, सायलेन्सरच्या बाजूची, अर्धा सूत सरकलेली. मी फोन लावला आणि ओरडलो.